भांडणानं राखलेला धुरा

मी पर्यावरण संरक्षणात एम.एस्सी. करते असं सांगितलं की आमच्याकडचे लोक दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, "म्हणजे झाडं लावाचं शिकून राहिली का?" आणि दुसरा, "त्यात नोकरी कायची लागते?" पहिल्याला मी "हो" म्हणायची आणि दुसऱ्याला "पाहू." दोन्ही उत्तरं वेळ मारून नेण्याची होती. पण सौंसरच्या बसस्टँडवर छिंदवाड्याच्या गाडीसाठी ताटकळलेल्या माणसाला उभ्या उभ्या जैवविविधता समजावून सांगण्याइतका माझा स्वभाव गरीब नाही.

विद्यापीठ रात्रभराच्या गाडीवर होतं. सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला यायचं आणि तिथून इटारसीकडे जाणारी गाडी धरायची. मुलताईपर्यंत डब्यात कुठे ना कुठे आपली बोली कानावर पडते. पुढे ती विरत जाते, आणि सकाळी मी उतरायची तेव्हा फलाटावर मराठी बोलणारं माझ्याशिवाय कोणी नसायचं. वर्गात पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "मराठी हो, तो महाराष्ट्र क्यों नहीं गईं?" मी म्हटलं, मी मध्य प्रदेशचीच आहे. तिला ते काही पटलं नाही. उलट नागपूरच्या नातेवाइकांसाठी आम्ही जन्मभराचे 'एमपीवाले'. धड ना इकडचे, धड ना तिकडचे. आमच्या भागातली पोरं हे लहानपणीच गिळून टाकतात. मीही गिळलं होतं, पण वसतिगृहाच्या मेसमध्ये ताट हातात घेऊन कुठे बसावं ते कळेना, तेव्हा ते पुन्हा घशाशी आलं.

मला तिथे फार एकटं वाटायचं. खोलीतली जोडीदारीण भली होती, पण ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीत बुडालेली. तिच्या कानात सतत कोणाचं तरी भाषण चालू असायचं. जेवायच्या वेळेला कानातलं काढून ती विचारायची, "खाना खाया?" मी "हाँ" म्हणायची, आणि ते परत कानात जायचं. विभागात आम्ही मूठभर विद्यार्थी. बहुतेकांना दुसरा विषय मिळाला नव्हता म्हणून ते इथे येऊन पडले होते. मी हाच विषय पहिल्या पसंतीला लिहिला होता हे कळल्यावर मुलं माझ्याकडे जरा जपूनच बघायला लागली.

रविवार सगळ्यात वाईट. सगळ्यांकडे कोणी ना कोणी यायचं. मी कपडे धुवायची, वाळत घालायची आणि ते वाळेपर्यंत गच्चीवरच बसून राहायची. घरी फोन केला की आई विचारायची, "जेवली का?" बाबा विचारायचे, "पाणी आलं का तिकडं?" मग दोन्हीकडे गप्प. आमच्या घरात फोनवर बोलायची कला कोणालाच नाही. फोन ठेवल्यावर मला हटकून आठवायचं की ज्यांना माझ्याशी भरभरून बोलता यायचं त्यांच्याशी बोलायची आम्हाला बंदी आहे.

ते म्हणजे माझे मोठेबाबा, बाबांचे सख्खे थोरले भाऊ.

आमचं वावर, म्हणजे शेत, सौंसरहून बोरगावच्या पुढे. आजोबांच्या माघारी वाटे-हिस्से झाले आणि मधल्या धुऱ्याच्या अलीकडचं बाबांना, पलीकडचं मोठेबाबांना आलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. दोन्ही घरं वावरातच, धुऱ्याच्या दोन अंगांना. मोठेबाबांना आणि त्यांच्या बायकोला, माझ्या मोठीआईला, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोन्ही घरांची मिळून एकच पोरगी. शाळेत मोठेबाबा मला सायकलवर बसवून न्यायचे आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक माणसाची नक्कल करून दाखवायचे. जेवण ज्या घरात आधी शिजेल तिथे.

मी चौथीत असताना बाबांनी म्हटलं, दादानं नांगरताना धुरा कोरला. मोठेबाबांनी म्हटलं, कोरला तो तू. धुरा कोरणं हा आमच्याकडे जिवावर बेतणारा आरोप आहे. माणूस चोर म्हटलेलं ऐकून घेईल, हे नाही. दोन हात मातीवरून आधी बोलाचाली झाली, मग पटवारी आला, मग तहसिलीतून स्टे आला. निकाल लागेपर्यंत धुऱ्याला कोणी हात लावायचा नाही. निकाल काही लागला नाही. मोठेबाबा रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघायला लागले, आणि मला घरून ताकीद मिळाली की पलीकडे पाय टाकायचा नाही. मी रोज अंगणात उभी राहून पलीकडे बघायची. मोठीआई भांडी घासताना दिसायची. ती हात हलवायची नाही, पण घासायची मात्र माझ्याकडे तोंड करून.

त्यामुळे एकटं कसं राहायचं याचा अभ्यास माझा विद्यापीठात जाण्याआधीच झालेला होता.

आता धुऱ्याचं काय झालं ते सांगते. आमच्याकडे धुरे दरसाल उन्हाळ्यात पेटवतात, बोरी-बाभळी सवळतात म्हणजे छाटतात, आणि प्रत्येकजण आपल्या बाजूनं थोडं थोडं कोरत जातो. बहुतेक धुरे आता इतके अरुंद झालेत की त्यावर बकरी वळू शकत नाही. आमच्या धुऱ्याला मात्र स्टे होता. कोणी काडी तोडली तर दुसरा लगेच तहसिलीत जाणार, या धाकानं कोणी वाळलेली फांदीसुद्धा उचलली नाही. पळस वाढले, हिवर वाढला, बोरीची जाळी झाली, सीताफळं आपोआप उगवली, आणि या सगळ्यांवर गुळवेल चढली. आत तितर अंडी घालायचे. मुंगूस होतं, घोरपड होती, सातभाईंचा थवा दिवसभर कलकलाट करायचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो असा.

पहिल्याच वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. सगळ्यांना वाघाच्या जंगलात जायचं होतं. मीही यादीत नाव दिलं, पण तिथे जागा कमी आणि ओळखी जास्त, तेव्हा माझं नाव गळालं. रागानं मी दिवाळीला घरी आले. सकाळी अंगणात दात घासत उभी होते आणि समोर तो धुरा. आजूबाजूच्या ओसाड बांधांमध्ये एकटाच हिरवागार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा तर काखेतसुद्धा नव्हता, नाकासमोर होता. मी तोंडात फेस असतानाच फोटो काढले.

आमच्या गाईड सरांनी फोटो मोठे करून बघितले. "इसको किसने बचाया? वन विभाग ने?"

"झगड़े ने, सर," मी म्हटलं, आणि सगळी हकिगत सांगितली. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, ये तो सोना है. लागवडीच्या मुलखात शिल्लक राहिलेला नैसर्गिक पट्टा, शिवाय किती काळ अस्पर्श आहे त्याचा सरकारी पुरावा. असं आयतं कोणाला मिळतं? हिवाळा आणि पावसाळा, दोन्हीत मोजणी कर, सर म्हणाले. आमच्या घराला चिकटलेल्या कुठल्याही गोष्टीला सोनं म्हणणारा तो पहिला माणूस. मी खोलीवर आले आणि जोडीदारणीला कानातलं काढायला लावून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "बढ़िया" म्हणाली.

मोजणीची पद्धत साधी असते. दोरी आणि चार खुंट्यांनी चौकट आखायची, तिच्यात जे जे उगवलंय ते लिहायचं, मग पुढची चौकट. पण हे विद्यापीठाच्या माळावर साधं. दोन भावांच्या मधे दोरी आणि टेप घेऊन बसलेली पोरगी म्हणजे आमच्या भागात युद्धाची घोषणा. मोठेबाबांनी पटवाऱ्याला गाठून विचारलं की शेजारच्या पोरीला मोजणीचा अधिकार असतो का. आणि बाबा पहिल्या दिवशीच हळूच माझ्याजवळ येऊन बसले.

"विद्यापीठाचा शिक्का असते का याच्यावर?"

"असते न बाबा. कायले?"

"काही नाही. तहसिलीत कामी येईल." वर म्हणाले, "ते तिकडची खुंटी जराशी अजून पलीकडे नाही सरकत का?"

मी खुंटी होती तिथेच ठेवली. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

एका दुपारी मी बोरीच्या काट्यांत अडकलेली ओढणी सोडवत होते. पलीकडून आवाज आला, "काय मोजून राहिली वं?"

मोठीआई होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा तसाच. चौथीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"गवत," मी म्हटलं.

"गवत? कायले?"

"कॉलेजात लिहून द्याचं हाये."

"एवढ्या लांब जाऊन हेच शिकून राहिली? आपल्याच धुऱ्याचं गवत?" तिनं भारा खाली ठेवला, जरा विचार केला. "तिथं जेवण तरी बरं भेटते का?"

मी "हो" म्हटलं आणि मान खाली घालून खोटंच काहीतरी लिहायला लागले, कारण डोळे भरले होते. विद्यापीठात मला हे कोणी विचारलं नव्हतं असं नाही. पण तिथे विचारणारा उत्तरासाठी थांबायचा नाही. मोठीआई थांबली होती. मी वर बघेपर्यंत ती तिथेच होती.

त्यानंतर मी घरी आले की ती दुपारची धुऱ्याकडे यायची. तिच्या बाजूला ती, माझ्या बाजूला मी, मधे पळस. बाबांना ठाऊक होतं, मोठेबाबांनाही असणार. दोघंही बघायचे नाहीत. मोठीआई सांगायची, मोठेबाबा आता सायकल चालवत नाहीत, गुडघे धरतात. ते माझ्याबद्दल विचारतात का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाव नाही घेत. पण तू आली का रेडिओ बंद करतेत."

त्या वर्षी मला दोन गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही जीव तोडून हव्या होत्या. धुरा आहे तसा राहावा, निदान माझा पावसाळा मोजून होईपर्यंत. आणि मोठेबाबांनी बाबांशी बोलावं. या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर आहेत हे माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीच्या लक्षात यायला हवं होतं, पण एवढ्या जवळचं कोणाला दिसतं?

पावसाळ्यात, पोळा झाल्यावर, मी सुट्टी काढून आले. येताना गाडीत डोळा लागला आणि पांढुर्णा सोडून पुढच्या स्टेशनावर उतरावं लागलं. तिथून मागे येत येत घरी पोचायला दुपार झाली. बघते तर बाबा संत्र्याच्या बागेत झाडाखाली उकिडवे बसलेले. भोवती गळलेली फळं. हिरवी-पिवळी, अजून रस न भरलेली. प्रत्येकावर टाचणी टोचावी तसं एक भोक आणि त्याभोवती सडका डाग.

ते रस पिणाऱ्या पतंगाचं काम होतं. अंधार पडला की तो येतो आणि फळात सोंड खुपसतो. पलीकडे मोठेबाबांच्या बागेतही तेच चाललं होतं. संध्याकाळी दोन्ही बागांत लोक ओला पाला जाळून धूर करत. वारा फिरेल तसा आमचा धूर त्यांच्याकडे आणि त्यांचा आमच्याकडे येई. धुराला कोणी स्टे आणला नव्हता. सौंसरच्या एका कृषी केंद्रात कोणीतरी सांगितलं की या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. ते बाबांनीही ऐकलं आणि मोठेबाबांनीही. आणि साऱ्या शिवारात अंगाखांद्यावर गुळवेल मिरवणारा धुरा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकट आखत होते. पलीकडे मोठेबाबा येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता पळसाला म्हणाले, "तुह्या बापाले सांगजो, वेल काढा लागते."

बाबा अंगणातच होते. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला. ते मला म्हणाले, "त्याले सांग, स्टे हाये."

मी मधे उभी राहून दोघांनीही ऐकलेली वाक्यं इकडून तिकडे पोचवली. "मोठेबाबा, बाबा म्हणतेत स्टे हाये."

"स्टे आपुनच आणला न," मोठेबाबा म्हणाले. "आपुनच वापस घेऊ."

बाबा उठून उभे राहिले. मग आईनं आतून बाज आणून अंगणात टाकली. मोठेबाबा काटे चुकवत, गुडघा धरत धुरा ओलांडून आले आणि बाजेवर बसले. बाबा दुसऱ्या टोकाला बसले. एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. मोठेबाबांचे केस पार पिकलेत हे मला इतक्या जवळून तेव्हाच दिसलं.

"पोरीले विचारू," मोठेबाबा म्हणाले. "ते हेच शिकून राहिली."

"सांग वं," बाबा म्हणाले. "गुळवेलीवरच होते का ते पाखरू?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. लहानपणी एखाद्या वेळी मी काही चुरचुरीत बोलले की बघायचे तसे, एकाच वेळी. मला उत्तर माहीत होतं. त्या अळ्या मी स्वतः बघितल्या होत्या, त्यांचे फोटो प्रबंधासाठी काढले होते. "सांगता येत नाही, अभ्यास चालू आहे" असंही म्हणता आलं असतं. आमच्या विषयात ते उत्तर नेहमीच चालतं. मग मोठेबाबा उठले असते, धुरा ओलांडून परत गेले असते आणि धुरा राहिला असता.

"हो," मी म्हटलं. "गुळवेलीवर अन् वासनवेलीवर होते. पण..."

पणच्या पुढे मी बरंच बोलले. पतंग लांबून, जंगलातूनही उडत येतात. एका धुऱ्याची वेल काढून फळगळ थांबत नाही. अळ्या खाणारे पक्षी याच धुऱ्यावर राहतात. काढायचीच तर नुसती वेल काढा, झाडांना हात लावू नका. हातवारे करून, उदाहरणं देऊन, विभागातल्या चर्चासत्रात बोलले नव्हते इतकं चांगलं बोलले. मोठेबाबा बाबांना विचारत होते, "कुऱ्हाड हाये का बे तुह्याकडं? माही दांड्यातून निंगाली."

त्या दिवशी दोघांनी मिळून वेल ओढली. मोठेबाबा खालून ओढायचे, बाबा वरून तोडायचे. एकदा वेल तुटली आणि मोठेबाबा मागे आपटले. बाबा हसले, मग मोठेबाबाही हसले. आई आणि मोठीआई आपापल्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मलाही हसू येत होतं आणि आनंद झाला होता. खरंच झाला होता, हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी नुसतीच दुःखात होते.

वेल काढताना बोरी आडव्या आल्या म्हणून बोरी छाटल्या. बोरी छाटल्यावर हिवर वाकडा दिसायला लागला. मग ते आमच्याकडचं वाक्य आलं, ज्यानं आजवर शिवारातली निम्मी झाडं खाल्ली असतील: "आता हात लावलाच हाये तं..." ज्या गोष्टीवरून एवढी वर्षं वाया गेली ती गोष्टच ठेवायची नाही, असं दोघांचं एकमत झालं. भावाभावांचं एकमत झालं की त्याच्यापुढे कायदा, शास्त्र, पोरगी, कोणी टिकत नाही. सौंसरहून जेसीबी आला. धुऱ्याच्या जागी दोघांच्या ट्रॅक्टरला जायला मिळून एक रस्ता करायचं ठरलं होतं.

मी दोरी गुंडाळून हातात घेऊन बाबांकडे गेले. "बाबा, माहं अजून व्हाचं हाये."

"काय व्हाचं हाये?"

"मोजणं."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं त्यांनी तो कधी ठेवला नव्हता. "अवं, आता मोजाची गरजच नाही राहिली," ते म्हणाले. "भांडणच मिटलं न."

मला त्यांचा राग आला नाही. कोणावर रागवावं तेच कळेना, आणि माझ्यासारखीला ते फार अवघड जातं. दुपारी मोठीआईनं जेवायला बोलावलं. त्या घरात मी चौथीनंतर पहिल्यांदा पाय टाकला. तिनं वांग्याची भाजी केली होती. समोर बसून वाढत होती आणि मी पोट भरून जेवले. बाहेर जेसीबीची घरघर चालू होती. मधेच दारातून बघितलं तर तितराची मादी संत्र्याच्या झाडांमधून सैरावैरा पळत होती, मागे पिल्लं. मोठीआईनं विचारलं, "अजून वाढू?" मी म्हटलं, वाढ.

विद्यापीठात परतले तेव्हा सरांना सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "ये गाँव वाले कभी नहीं समझेंगे," ते म्हणाले. मी ताडकन म्हटलं, सर, ते गाववाले नाहीत, माझे बाबा आणि मोठेबाबा आहेत. सर चपापले. चुकलं म्हणाले. जेवढं मोजून झालं तेवढ्यावरच लिहून टाक, असं ठरलं. मग हिवाळाभर मी नसलेल्या धुऱ्याचं वर्णन लिहीत बसले. 'येथे पळस आढळतो.' 'येथे तितराची वीण होते.' प्रबंधात वर्तमानकाळच लिहावा लागतो. जोडीदारीण परीक्षा पास होऊन निघून गेली होती, खोलीत दुसरी कोणी आली नव्हती. कधी कधी मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायची, नुसता आवाज व्हावा म्हणून.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी थेट शेवटचं प्रकरण उघडलं, शिफारशींचं. "आपने लिखा है, ऐसी मेड़ें बचनी चाहिए. कैसे बचेंगी?" मेड़ म्हणजे धुराच.

मी पाठ केलेलं म्हणायला लागले: जनजागृती, ग्रामसभा, अनुदान. त्यांनी हात वर केला. "ये सब किताब में है. आपकी वाली कैसे बची थी?"

"दो भाई आपस में बोलते नहीं थे, मैडम."

"और अब?"

"अब बोलते हैं."

सगळे हसले. सर हसले, मॅडम हसल्या, दारात चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. मीही हसले. मग त्यांनी अभिनंदन केलं आणि मी बाहेर व्हरांड्यात आले.

मला कोणाला तरी फोन करायचा होता. पास झाले हे सांगायला नाही, ते कोणालाही सांगता आलं असतं. मला असं माणूस हवं होतं, ज्याला मोठेबाबा आमच्या अंगणात येऊन बसतात याचा आनंदही कळेल आणि तो धुरा गेला याचं दुःखही कळेल, दोन्ही एकदम. मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. सरांना एक अर्धं कळलं असतं, आईला दुसरं. पुन्हा खालून वर बघितली. मग फोन पर्समध्ये टाकला आणि खांबाला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात तो वाजला. नंबर बाबांचा, आवाज मोठेबाबांचा.

"झाली का वं परीक्षा?"

"झाली जी."

"पास?"

"पास."

मागून बाबा म्हणाले, "मले दे न फोन," आणि मोठेबाबा त्यांच्यावर खेकसले, "थांब न बे, मी बोलून राहिलो." मग मला म्हणाले, "पास झाली तं रडून काहून राहिली?"

"नाही रडून राहिली."

"हे तुह्या बापाले सांगजो. मले समजते."

मग मी सांगून टाकलं. "धुऱ्यासाठी."

पलीकडे ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला, आपल्या नव्या रस्त्यावरून.

"आमी दोघं बोलत नव्हतो," मोठेबाबांनी हळूच विचारलं, "तवा रडत होती का?"

"हो."

"अन् आता बोलून राहिलो, तरी रडून राहिली."

"हो, मोठेबाबा."

"मंग आमी काय करावं वं?" ते म्हणाले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन बाबांच्या हातात दिला.